एकमुखाची शपथ

अमेरिकेच्या त्या गव्हाच्या पठारावर पहाट फुटली, तेव्हा नदीकाठच्या राजधानीला वेढा पडलेला होता. तोफा नव्हत्या, तलवारी नव्हत्या. होत्या त्या शेकडो घोडागाड्या आणि त्यांच्याखाली घोंगड्या पांघरून निजलेले, उन्हाने रापलेले शेतकरी. समोर नाटकगृहाची दगडी इमारत गढीसारखी उभी होती. तिथे आज सत्तेवरच्या जुन्या पक्षाचे प्रांतिक अधिवेशन भरायचे होते, आणि कित्येक वर्षांत प्रथमच त्या गढीचे मालक भेदरले होते.

मालकांचा म्होरक्या सेनेटर लूशियस ब्रॅडवेल. रेल्वे कंपन्यांच्या या मुत्सद्द्याने पक्षाचे तख्त असे मुठीत ठेवले होते, की पुढचा गव्हर्नर कोण ते लोकांना निवडणुकीनंतर कळे आणि ब्रॅडवेलला वर्षभर आधी. शेतकऱ्याच्या गव्हाचे निम्मे मोल रेल्वेच्या भाड्यातच जाई. त्या जाचाने पेटून शेतकऱ्यांनी संघ उभारला, याच पक्षाच्या गावोगावच्या सभा जिंकून आपले प्रतिनिधी निवडून आणले, आणि आज ते बहुमतानिशी राजधानीत उतरले होते. मागणी एकच: रेल्वेभाड्याला कायद्याने लगाम घालावा आणि ते कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात यावे.

संघाचा सेनापती जोनास हॅवर्टी. तो बोलू लागला की माणसे टोप्या काढून ऐकत. पण संघाची तटबंदी रचली होती म्हाताऱ्या एबन स्टोडार्डने. ब्रॅडवेल माणसे एकेक करून फोडतो, हे तो ओळखून होता; म्हणून प्रत्येकाला बायबलवर हात ठेवायला लावून त्याने शपथ घातली होती, की अधिवेशनात कुणीही वेगळे मत द्यायचे नाही, सर्वांच्या वतीने एकटा हॅवर्टी बोलेल. भाबडा बिचारा! सारे दरवाजे बुजवून त्याने एकच उघडा ठेवला, आणि शत्रूचे कष्ट वाचवले.

त्याच सकाळी ब्रॅडवेलने हॅवर्टीला न्याहारीला बोलावले आणि दारापर्यंत सामोरा गेला.

“यावे, हॅवर्टीसाहेब. गव्हर्नरपदाची उमेदवारी आपल्या हाती सोपवावी, अशी पक्षाची इच्छा आहे.”

“आणि रेल्वेचे कलम?”

“पुढच्या वर्षी. आधी गादीवर बसावे, मग फर्मान काढावे. गादीच नसेल, तर फर्मान ऐकणार कोण?”

हॅवर्टीने नाही म्हणायला तोंड उघडले, आणि कॉफीचा घोट घेतला.

दुपारी भर सभेत त्याने संघाचे मत जाहीर केले: पक्षाच्या ऐक्यासाठी कलम मागे घेत आहोत. बाकांवरून कुरकुर उठली. मग त्याच्या उमेदवारीची घोषणा झाली, आणि आपलाच माणूस गव्हर्नर होणार म्हणून शेतकरी बाकांवर चढून नाचू लागले. त्या कल्लोळात एबन उठला.

“अध्यक्षमहाराज, माझे मत विरुद्ध नोंदवा!”

“आपल्या संघाचे मत दिले गेले आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“जोनास, माझा गहू पिकवायला मी, आणि विकायला तू?”

हॅवर्टीचा आवाज मधासारखा होता. “एबनकाका, शपथ तुम्हीच घातलीत ना आम्हांला?”

“घातली. आज तीच मोडतो! देव मला काय शिक्षा द्यायची ती देवो!”

“फितूर!” कुणीतरी ओरडले. “ब्रॅडवेलने किती दिले रे थेरड्या?”

एबन बाकावर चढला आणि ते कलम तोंडपाठ म्हणू लागला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच त्याला खाली ओढले. ओढणारे शेजारच्याच शेतांचे धनी होते; दाराशी उभ्या ब्रॅडवेलच्या शिपायांना जागचे हलावेही लागले नाही.

हॅवर्टी गव्हर्नर झाला. कलमाचे पुढचे वर्ष काही उजाडले नाही. रेल्वेचे भाडे मात्र वाढले. त्या मुलखात मळणीयंत्र सामाईक असे, आणि एकमेकांच्या कापणीला आणि खळ्यावर मदतीला जाण्याची रीत होती. त्या हंगामात एबनच्या कापणीला कुणी आले नाही, आणि यंत्रही त्याच्या कुंपणापाशी न थांबता पुढे गेले. पिकलेला गहू उभ्या शेतात झडला. म्हातारा रडला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी होती त्यांना वाटली नाही.

काही वर्षांनी नव्या संघाचे पुढारी त्याच्या दारी आले. त्यांच्यातले दोघे तर तेव्हा त्याला ओढणारेच होते.

“काका, चुकलो आम्ही. या वेळी मागे हटणार नाही. सगळ्यांना तुमची ती जुनी शपथ घालायला चला.”

“आणि बोलणार कोण?”

त्यांनी मोठ्या अभिमानाने एका देखण्या तरुणाला पुढे केले. एबनने टेबलावरचे बायबल उचलले, आत नेऊन पेटीत ठेवले, आणि पेटीला कुलूप लावले.