मागे वळलेलं बदक

ट्रेसा हाउगनला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. सकाळी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचे, दुपारी धाकट्या मारेनला बालवाडीतून आणायचं, टेटला ट्रम्पेटच्या शिकवणीला सोडायचं, येताना कुत्र्याचं खाणं नि सासूच्या गोळ्या घ्यायच्या. घरात पाऊल टाकते न टाकते तोच थोरल्या ब्रिनची आरोळी यायची, "मॉम, माझा बास्केटबॉलचा शर्ट कुठाय?" शर्ट ब्रिननेच जिथे भिरकावलेला असायचा तिथेच असायचा. या सगळ्या धबडग्यातून जेवढी फट मिळेल तेवढ्या वेळात ट्रेसा जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला शिवणयंत्र मांडून गोधडीचे चौकोन शिवायची. दुसऱ्या टोकाला गृहपाठ चाललेला असायचा आणि मधोमध ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं. एका चौकोनाला रश्शाचा डाग पडला तेव्हा घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

हे काम तिच्यावर कोणी लादलं नव्हतं. चर्चला उन्हाळ्यात दीडशे वर्षं होणार होती, आणि चर्चच्या हॉलमध्ये काचेआड टांगलेल्या जुन्या गोधडीची हुबेहूब नक्कल करायची असं बायकांच्या बैठकीत ठरलं. ट्रेसानेच हात वर केला. मग आठवडाभर स्वतःला शिव्या घातल्या. पण गोधडी तिच्या सासूच्या पणजीची, इंगेबोर्गची होती, तेव्हा नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

मोठे नऊ चौकोन. प्रत्येकाच्या मध्यभागी घरातल्या एकेका माणसाच्या कपड्याचा तुकडा, आणि त्याच्याभोवती लहान लहान त्रिकोणांची रांग फिरवलेली. या त्रिकोणांना गोधड्या शिवणाऱ्या बायका 'उडती बदकं' म्हणतात. सगळ्या चोची एका दिशेला. फक्त प्रत्येक चौकोनात एक बदक उलटं, मागे तोंड करून लावलेलं.

"ती नम्रतेची चूक," चर्चमधल्या बायकांनी तिला सांगितलं. "निर्दोष काम फक्त देवाचं, म्हणून जुन्या बायका मुद्दाम एक तुकडा चुकवायच्या."

"मुद्दाम कशाला चुकवायचं?" ट्रेसा म्हणाली. "माझ्या घरात चुका आपल्या पायांनी चालत येतात." आणि तिने ठरवून टाकलं की आपल्या गोधडीत सगळी बदकं सरळ उडणार. वाकडंतिकडं तिला खपत नसे. दुसऱ्याच्या घरातली तिरकी तसबीरही ती सरळ करून यायची.

जुन्या गोधडीतला एक चौकोन मात्र सरळ होता. त्याच्या मध्यभागी लाल चौकड्यांचं लोकरी कापड होतं. काच काढून फोटो घेताना ट्रेसाला दिसलं की त्यातल्या एका त्रिकोणाच्या कडेने सुईच्या जुन्या भोकांची ओळ आहे. म्हणजे तोही आधी उलटाच होता. कोणीतरी तो उसवून सरळ लावला होता. शेवटी इंगेबोर्गला अक्कल आली म्हणायची, असं मनाशी म्हणून ट्रेसाने फोटो घेतला आणि टेटला आणायला धावली.

तिच्या घरात माणसं सहा. ती, नवरा लाइल, तीन मुलं आणि सासू अर्लिस. मारेनने भोकाड पसरून मांजराचा नि कुत्र्याचाही चौकोन पदरात पाडून घेतला. राहिला नववा. त्यासाठी ट्रेसाने अर्लिसकडून आलेला चिंध्यांचा पत्र्याचा डबा उपसला. "घे बाई," अर्लिस डबा देताना म्हणाली होती, "नाहीतरी मी मेल्यावर तुम्ही कचऱ्यातच टाकणार." डब्याच्या तळाशी लाल चौकड्यांचा एक लोकरी तुकडा निघाला. जुन्या गोधडीतलाच! ट्रेसाला आनंदाचं भरतं आलं. नववा चौकोन तिने त्याचाच केला. अर्लिसला मात्र काही दाखवायचं नाही, उन्हाळ्यात एकदम चकित करायचं, असं ठरलं होतं. तशीही म्हातारीला मोतीबिंदूमुळे समोरचं धड दिसत नव्हतं.

पहिला तयार झाला मांजराचा चौकोन. त्याच आठवड्यात पिकल्स घराबाहेर पडली ती आलीच नाही. शेतावरची मांजरं अशीच असतात, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मारेन तेवढी रडली.

नंतर कुत्र्याचा. गस हा आळशी, म्हातारा, गोठ्यापर्यंत जायचं तरी धापा टाकणारा कुत्रा. तो एका सकाळी अंगणातून चालत मक्याच्या उजाड शेतात शिरला. लाइलने हाका मारल्या. गसने वळूनही पाहिलं नाही.

"बहिरा झालाय," लाइल म्हणाला. पण त्याने रात्री मागच्या दाराचा दिवा चालू ठेवला, आणि पुढेही रोज ठेवत गेला.

मग खुद्द लाइलचं झालं. दुधाचा टँकर घेऊन तो वीस वर्षं त्याच रस्त्यांनी फिरतोय. एके संध्याकाळी तो जेवणं उरकल्यावर घरी आला, चेहरा उतरलेला.

"कुठे होतास?"

"हसू नकोस हं. आपलं वळण सापडेना."

"आपलं म्हणजे?"

"आपलंच. घराचं. दिवा दिसत होता, टपालपेटी दिसत होती. वळायला जावं तर पुढे निघून गेलेलो असायचो." तो स्वतःच हसला आणि हात धुवायला गेला. डोळे तपासून घे, असं ट्रेसाने त्याला सांगितलं. त्याच्या चौकोनाची शेवटची शिवण तेवढी राहिली होती. ती तशीच राहून गेली.

जानेवारीत वादळाचा इशारा आला. शाळा लवकर सोडल्या, दुधाच्या फेऱ्या बंद. टेट शाळेच्या बसने आला, मारेनला ट्रेसा घेऊन आली. लाइल घरीच होता. ट्रेसाने दुपारी निवांत बसून लाइलची राहिलेली शिवण घातली, बाकीच्यांचे चौकोन पुरे केले आणि शेवटी ब्रिनचा, मधोमध तिच्या लहानपणच्या पिवळ्या फ्रॉकचा तुकडा. कधी नव्हे तो वेळ मिळाला म्हणून ती खूष होती. ब्रिनचा निरोप आला, "निघाले." सोळा वर्षांची पोर, परवाना मिळून दोन महिने झालेले, हातात जुना पिकअप ट्रक. वाट जेमतेम अर्ध्या तासाची.

तास झाला. दीड झाला. बाहेर पांढऱ्याशिवाय काही उरलं नव्हतं. फोन लागेना. शेरिफच्या कचेरीतून सांगितलं की बर्फ हटवणाऱ्या गाड्याही माघारी बोलावल्यात. ट्रेसाने भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली.

मारेन आजीजवळ बसली होती. आजीचं मन रमवावं म्हणून तिने चौकोनांचा खोका ओढून काढला. "ग्रँडमा, हे गुपित आहे हं. हा बघ ब्रिनचा."

अर्लिसला दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. तिने शिवणींवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. मग दुसरा चौकोन घेतला, तिसरा घेतला.

"ट्रेसा, मागे बघणारं कुठाय?"

"काय, अर्लिस?"

"बदक गं! मागे वळलेलं."

"ती चूक होती. मी सरळ केली."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. "चूक? अगं, प्रत्येकात एकाने घराकडे बघायचं असतं! नाहीतर त्यांना परतायचं कसं कळणार? माझी आजी चौकोन हातात घेतला की पहिलं ते चाचपायची."

ट्रेसा हसणार होती. तिला गस आठवला. मान न वळवता शेतात शिरलेला.

लाइल बूट चढवत होता. "मी टॉर्च घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन येतो."

"लाइल, खबरदार उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर!" अर्लिस कडाडली. बापजन्मात तिचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. पंचेचाळीस वर्षांचा तो गडी एका पायात बूट घालून तसाच थांबला. "तुझाही सरळ करून ठेवलाय हिने. ट्रेसा, सुई घे. सगळ्यांत एकेक फिरव. फक्त एक सोडून, तो जो..."

तेवढ्यात वीज गेली. मारेन किंचाळली, टेटच्या हातून दुधाचा जग खाली पडून फुटला, आणि काचा, दूध, रडारड यांत ते वाक्य तसंच राहिलं.

यंत्र बंद. ट्रेसा खिडकीशी उरलेल्या उजेडात बसली आणि हाताने शिवायला लागली. हे सगळं खुळचटपणाचं आहे हे तिला कळत होतं. पण हात थांबले असते तर तिला वेड लागलं असतं. आधी ब्रिनचा. टाके उसवले, त्रिकोण उचलला, उलटा फिरवला, टाके घातले. मग लाइलचा. टेटचा. मारेनचा. सुई बोटात घुसली तरी ती थांबली नाही.

कुत्र्याचा चौकोन तिने खाली ठेवला आणि मागच्या दारावर खरखर झाली.

टेटने दार उघडलं. गस. अंगावर बर्फाच्या गुठळ्या, हाडाची काडं झालेली. तो आत आला आणि आपल्या जागी जाऊन आडवा झाला.

ट्रेसाने मांजराचा चौकोन उचलला. तो संपला तेव्हा पिकल्स खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून काचेवर पंजा मारत होती.

ब्रिन नव्हती. ब्रिनचा तर पहिला झाला होता. पिवळा तुकडा, उलटं बदक, सगळं जागच्या जागी. ट्रेसा तो चौकोन छातीशी धरून रडली. "देवा, माझी पोर आण. काय हवं ते घे, पण माझी पोर आण."

नंतर तिने आपला केला, अर्लिसचा केला. खोक्यात एकच राहिला, लाल चौकड्यांचा. सोडायचा तो कुठला, हे विचारायला ती वळली. अर्लिस खुर्चीत डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होती. ट्रेसाने विचारलं नाही. एक राहिला आणि त्याच्यामुळेच काही अडलं असेल तर? अर्धवट काम तिला आयुष्यात कधी सोडवलं नव्हतं.

तिने नववाही फिरवला.

दोरा तोडला आणि खिडकीवर पिकअपच्या दिव्यांचा झोत पडला.

ब्रिन दारातून आत आली ती सरळ आईच्या गळ्यात पडली. "मॉम, वळणच येईना! आपला दिवा दिसायचा आणि मी पुढे गेलेली असायचे. किती चकरा मारल्या कोण जाणे. मग ती मुलगी दिसली."

"कोण मुलगी?"

"लहान. मारेनपेक्षा थोडी मोठी. गाडीच्या पुढे चालत होती. कोटसुद्धा नाही, नुसता फ्रॉक, लाल चौकड्यांचा. मी तिच्या मागोमाग आले." ब्रिनने मागे पाहिलं. "माझ्या पुढेच तर शिरली ती दारातून. कुठे गेली?"

अर्लिसने डोळे उघडले.

"गुनहिल्ड," ती हळूच म्हणाली. "इंगेबोर्गची धाकटी. वादळात गेली, आणि बर्फ वितळल्यावर गोठ्यामागे सापडली. पुरलं तिला. तरी दर बर्फाला दारावर थाप पडायची. दार उघडून उघडून इंगेबोर्ग थकली. शेवटी तिने ते बदक स्वतःच्या हाताने उसवून सरळ केलं. ट्रेसा, तू लाल फिरवलास?"

"हो."

"उसव. आत्ताच्या आत्ता उसव."

ट्रेसाने टाके उसवायचा काटा उचलला. लाल चौकोन मांडीवर घेतला. समोर ब्रिन ओल्या केसांनी उभी होती. गालांवर रंग, नाक वाहतंय, जिवंत.

ट्रेसाने काटा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"जेवायला बसा," ती म्हणाली.

तो हॉटडिश गारच खाल्ला सगळ्यांनी. ताटं मांडताना मारेनने एक जास्त मांडलं. तिला कोणी टोकलं नाही.

सकाळी बूट काढायच्या खोलीत, घर तापवणाऱ्या हीटरच्या जाळीवर, हाताने विणलेल्या लोकरी पायमोज्यांची एक लहान जोडी ओली होऊन पडली होती. घरातला मोजा न् मोजा ट्रेसाच्या ओळखीचा. हे तिच्या घरातले नव्हते. तिने ते धुतले, वाळवले आणि जाळीवर ठेवून दिले. पुढच्या बर्फाच्या आधी ते नाहीसे झाले होते. बर्फानंतर पुन्हा तिथेच होते, ओले.

उन्हाळ्यात चर्चमध्ये नवी गोधडी टांगली. सगळ्यांनी वाखाणली. नऊच्या नऊ चौकोनांत एकेक बदक मागे बघतंय हे जुन्या गोधडीशी जुळत नाही, असं एकजण म्हणाली. "माझी चूक," ट्रेसा म्हणाली आणि कॉफी आणायला गेली.

तेव्हापासून हाउगनांच्या घरातलं कोणी कधी वाट चुकलेलं नाही. ट्रेसाच्या घाईगर्दीत फरक पडलेला नाही. पहिल्या बर्फाच्या आधी ती सगळ्यांचे मोजे तपासते, विरलेल्या टाचा रफू करते, त्या लहान जोडीच्याही.

यंदा मात्र ती जोडी हातात घेतल्यावर ती जरा थांबली. मोजे पायाला तोकडे होऊन पुढे अंगठ्याशी फाटले होते. अर्लिस म्हणाली, "काय झालं गं?"

"काही नाही," ट्रेसा म्हणाली, आणि नवी जोडी विणायला तिने लोकर काढली, एक माप मोठी.