तिसऱ्या बाळंतपणाची यादी

नर्सच्या डाव्या मनगटावर निळ्या शाईचा डाग होता.

टेबलाचं रेक्झिन इतकं गार होतं की आधी पाठ आक्रसली, मग कळ आली.

"सोड श्वास, बाई. धरून काय ठेवतेस? कुणी चोरत नाहीये."

छताला पंखा नव्हता. पंख्याचा हूक होता.

बाहेर कुणीतरी लोखंडी खाट ढकलत नेत होतं. तिचं एक चाक फिरत नव्हतं.

सव्वा अकरा.

एक वास. कसला, ते लिहायचं राहिलं.

*

वरच्या सात ओळी माझ्या हस्ताक्षरात आहेत. कामावरच्या एका ऑर्डरच्या चिठ्ठीमागे घाईघाईने खरडलेल्या, मेणाच्या डागासकट. त्या कशाबद्दल आहेत हे मला माहीत आहे, कारण मथळा मीच आधी लिहून ठेवला होता. आठवतं म्हणून माहीत नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात. त्यांत प्लास्टर ओतून मी जबडे काढते, त्यांवर गुलाबी मेणाची हिरडी चढवते आणि मेणात एकेक दात बसवते. वर चौदा, खाली चौदा. मग सगळं पुन्हा प्लास्टरमध्ये गाडायचं, गरम पाण्याने मेण वितळवून काढून टाकायचं आणि मेणाने सोडलेल्या जागेत पक्का मसाला भरायचा. मसाला शिजून घट्ट झाला की हातोडीने साचा फोडायचा. आतून कवळी निघते. पुढचं घासकाम पॉलिशवालीचं. बावीस वर्षं मी हे करते आहे. आमच्याकडे माणसांची नावं येत नाहीत, नंबर येतात. मालक म्हणतात, "आपल्याकडे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, आणि तोंड कुणाचंच नाही." हा विनोद ते रोज करतात. आम्ही रोज हसतो.

मुलं तीन. थोरली एकोणीस वर्षांची, मधला पंधराचा आणि शेंडेफळ नऊ संपवत आलेली. त्यांचे बाबा गेले त्याला पाच वर्षं झाली. आमच्या घरात एक रीत होती. वाढदिवसाच्या सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, त्या पोराला त्याच्या जन्माची गोष्ट सांगायची. सगळी. पहिल्या कळेपासून पहिल्या रडण्यापर्यंत. बाबा दाराच्या चौकटीला टेकून म्हणायचे, "झाली सुरू मालिका. यात मला एकच वाक्य आहे, 'गाडी काढतो.'" पोरं खिदळायची. मी सांगायचे छान. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहेरापासून ऐकवलेलं आहे.

पॉलिशवाली गेल्या वर्षी नवी आली. पन्नाशीला टेकलेली, किरकोळ अंगाची. मशीनवर पांढरी धूळ उडते म्हणून ती नाकातोंडावर फडकं बांधायची, त्यामुळे बरेच दिवस मला तिचे नुसते डोळेच ओळखीचे होते. बोलायची कमी. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा घेऊन बरोबर माझ्यासमोर यायची. एकदा मी थोरलीच्या कॉलेजचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होते.

"ताई, ती झाली तेव्हाचं सांगा ना," ती म्हणाली.

"त्यात काय ऐकायचंय? बायका बाळंत होतातच की."

"सांगा हो. मशीनच्या घरघरीने डोकं बधिर होतं. जरा माणसातलं काही ऐकते."

मी सांगायला लागले. हातातला घास तसाच धरून ती ऐकत राहिली. मी थांबले की म्हणायची, "मग?" मी घाई केली की तळहात वर करायची. "हळू, ताई. ठसा नीट उठू द्या."

मला हसूच आलं. नवीन माणूस कामातले शब्द असेच कुठेही वापरतं.

थोरलीचं सांगायला चार दिवस लागले. मधल्याच्या वेळी सिझर होतं, त्याला सहा.

*

थोरलीचा जन्म:

 

मधल्याचा जन्म:

 

दोन्हींपुढे जागा सोडली आहे.

*

थोरलीच्या वाढदिवसाला मी तिच्या उशाशी बसले. "त्या दिवशी पहाटे," एवढं म्हणाले, आणि पुढे काही नव्हतं. अंधूकही नव्हतं. जिना उतरताना आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसं झालं. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी मी कपाटावरची धूळ पुसली होती ते आठवलं. दुसऱ्या दिवशीचं कुशीतलं गाठोडंही आठवलं. मधला दिवस नव्हता.

"थकलीस गं तू," थोरली म्हणाली. "थांब, मीच सांगते. पाठ आहे मला."

तिने सांगितलं. त्या बाईने म्हणे कळ असह्य झाल्यावर सुईणीचं बोट चावलं होतं आणि नंतर माफी मागत रडली होती. छान गोष्ट होती. मी मन लावून ऐकली, शेजारणीची ऐकावी तशी.

मी भाबडी बाई नाही. वयाचं असेल, झोपेचं असेल, असं मनाशी म्हणत मी दवाखान्याची जुनी फाइल काढली. कागद पिवळा पडलेला, पिनेचा गंज त्यावर उमटलेला. थोरलीची तारीख, वेळ, वजन, सगळं बरोबर होतं. आईचं वय, एकतीस. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आईचा रक्तगट ओ. माझा बी आहे. मधल्याच्या कागदावरही ओ. शाई कुठे खोडलेली नव्हती. उजेडासमोर धरून पाहिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरीण बाईंकडे गेले. सिझरचा टाका हल्ली जाणवत नाही, एवढंच सांगितलं.

"कुठे होता?"

"इथे."

त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. "इथे कधी टाके पडलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमचा काहीतरी गोंधळ होतोय."

पंधरा वर्षं थंडीत ओढणारी वीतभर रेघ. घरी आरशात पोट सपाट, सलग होतं. कोरं.

दुसऱ्या दिवशी पॉलिशवाली स्टुलावरून उठताना ओटीपोट धरून उठली.

"काय गं, काय झालं?"

"टाके ओढतात, ताई. थंडी पडली की जास्तच."

*

मधला एकदा माझी विसरलेली किल्ली द्यायला लॅबमध्ये आला होता, तेवढीच त्याची आणि पॉलिशवालीची ओळख. मग तो घरी उशिरा यायला लागला. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, "मावशींकडे." कोण मावशी, तर ती. पुढच्या महिन्यात थोरलीही जायला लागली. तिकडे अभ्यास चांगला होतो म्हणे.

"आणि इथे कोण ढोल वाजवतं?" मी म्हणाले.

थोरली हसली नाही. एका सकाळी मी ओट्याशी उभी होते, तर ती माझ्या हातातून पातेलं घेत म्हणाली, "तुम्ही बसा, काकू, चहा मी टाकते." थट्टा नव्हती. आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नाही. दूध उतू जाईल म्हणून तिने गॅस बारीक केला.

पंधरा दिवसांत दोघांचे कपडे पिशव्यांतून तिकडे गेले. भांडण झालं नाही. भांडायला काही निमित्तच त्यांनी दिलं नाही. पाहुणे निघताना वागतात तसे ते नीट, सभ्य वागले.

मी तिच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वच्छ. दारात माझ्या दोन पोरांच्या चपला. ती टेबलाशी मटार सोलत बसली होती. तोंडावर फडकं नव्हतं. साधा चेहरा होता.

"परत दे," मी म्हणाले.

"घ्या की, ताई."

आणि तिने सांगितलं. दोन्ही बाळंतपणं, सुरुवातीपासून. बोट चावल्याचं सांगताना तिचे दात खरोखर आवळले गेले. मधल्याच्या वेळी भूल उतरताना किती थंडी वाजली ते सांगताना तिच्या हातातला मटार घरंगळून खाली पडला. मी दोन तास ऐकलं. काही परत आलं नाही. नुसतं ऐकलेलं झालं.

"तू हे का केलंस?"

"मी काय केलं? तुम्ही सांगत होतात, मी ऐकत होते." तिचे डोळे भरून आले होते, खोटे नव्हते ते. "साचा फोडल्याशिवाय कवळी निघते का? तुम्हीच शिकवलंत मला. तुम्हाला वाटतं मी सुखात आहे? मला रोज कळा येतात, ताई. रोज दुपारी. दोघांच्याही."

ती दारापर्यंत पोचवायला आली. हळूच म्हणाली, "धाकटीचं कधी सांगता? भावंडं अशी दोन घरांत ठेवू नयेत."

*

त्यानंतर मी लॅबमध्ये तोंड उघडलं नाही. जेवणाला जिन्यात बसायचे. मालक म्हणाले, "आज मौन का? दात जागेवर आहेत ना?" मी मान हलवली.

माझ्याकडे एकच उरलं होतं. रोज सकाळी दात घासताना मी ते मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा फिरवायचे. ओठ न हलवता. सगळं जागेवर असायचं. मग दिवस सुरू करायचे.

शेंडेफळाचा वाढदिवस आला. ती डोळे मिटून, जागी, पडून राहिली होती. वाट बघत.

मी म्हणाले, "उठ, उशीर होतोय शाळेला."

तिने डोळे उघडले. "गोष्ट?"

"या वर्षी नको."

"का?"

"मोठी झालीस आता."

"ताई एवढी घोडी झाली तरी तिची सांगायला बसलीस." तिने भिंतीकडे तोंड केलं. "ताई-दादा गेले. आता मी पण तुझी नाही का?"

मी दार लावलं. खिडकी लावली. तिच्याजवळ आडवी झाले आणि तिच्या कानात सांगितलं. एकेक वाक्य झालं की थांबून आत चाचपून पाहत होते. प्रत्येक गोष्ट जागेवर होती. सगळं सांगून झालं तरी सगळं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मीच रडले आणि तिने माझे डोळे पुसले.

"कुणाला सांगायचं नाही हं," एवढं बजावायला हवं होतं. इतक्या सुखात ते सुचलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी पॉलिशवालीची रजा होती. मशीन बंद असल्याने लॅब फार शांत होती. मी खालच्या जबड्याचा सातवा दात बसवत होते.

साडेतीन वाजले होते. शाळा तीनला सुटते.

आधी मला वाटलं, मेणाचा वास येईनासा झालाय.

मग कळलं, वास नाही. दुसरंच काही कमी झालं आहे.

मला डोळ्यांपुढे दिसलं, अगदी स्पष्ट: शेंडेफळ शाळेतून थेट भावाबहिणीला भेटायला गेली आहे. दप्तर शेजारच्या मैत्रिणीच्या हाती घरी पाठवून. तिघं टेबलाशी बसली आहेत. आणि ती ऐटीत सांगते आहे, आईने मला काल माझी गोष्ट सांगितली. समोरचं कुणीतरी हळू आवाजात विचारतं आहे, "मग?"

मी चिठ्ठी ओढली. मथळा लिहिला.

हाताला लागलं ते लिहीत गेले.

पेन चालत होतं त्याच्या पुढे ते सगळं निघून चाललं होतं.

दात मेणात तिरका बसला होता. मी तो सरळ केला.

"बरं वाटत नाही का?" मालकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. खरंच काही नव्हतं.

*

संध्याकाळी बेल वाजली. आमच्या घरातलं कुणी बेल वाजवत नाही, दार ढकलतात.

शेंडेफळ उभी होती. केस कुणीतरी दुसऱ्या तऱ्हेने विंचरले होते, छान दिसत होते. जिन्याच्या खालच्या वळणावर थोरली तिची वाट बघत थांबली होती.

"काकू, माझं दप्तर इथे राहिलंय का?"

मी आणून दिलं. ती "थँक यू" म्हणाली आणि एकेक पायरी मोजत खाली गेली.

*

पॉलिशवाली कामाला लागली त्या दिवशी तिने भरलेला अर्ज मालकांच्या कपाटात आहे. 'मुलं किती' या रकान्यात तिने लिहिलं आहे: तीन. दोन मुली, एक मुलगा. खाली तारीख आहे, तिने मला पहिल्यांदा "सांगा ना" म्हटलं त्याच्या अकरा आठवडे आधीची.