एका हाकेचा फोन

पेठ रस्त्यावरच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर फोन एकच होता, आणि तो सरुबाईच्या पडवीत होता. दिलेला सरकारनं, गावासाठी. पण सरुबाईचा तोरा असा, की जणू तिनं तो माहेराहून आणला. आणि का नसावा तोरा? पाड्यातली निम्मी माणसं दिवाळीनंतर पिंपळगावकडे द्राक्षबागांत कामाला जात. त्यांचा फोन आला की सरुबाई बांधावर उभी राहून इथल्या माणसाला हाक मारी. तीनदा मारी. डोंगरातली रीतच तशी आहे. जिवंत माणूस तीनदा हाक मारतं. रानातलं जे काही असतं, ते एकदाच मारतं. ओ दिली की ते मागं लागतं, म्हणून एका हाकेला कुणी ओ देत नाही. सरुबाईची तिसरी हाक पार खालच्या ओढ्यापर्यंत जाई. तिच्याकडे आलेला एकही निरोप कधी वाया गेला नव्हता, हे ती स्वतःच सांगे, कुणी विचारलं नाही तरी.

असा हा फोन ऐन पावसाळ्यात मुका झाला. पुढं चोरट्यांनी खांबांवरची तार कापून नेली. शेवटचा खांब ते पडवी एवढाच तुकडा उरला, आणि त्यावर नवरा लहानू धोतर वाळत घालू लागला, तेव्हा सरुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक तालुक्याच्या टेलिफोन ऑफिसात गेली. खिडकीमागे यादव नावाचे साहेब चहा पीत बसले होते.

"फोन बंद असल्याची तक्रार फोनवरून करायची असते, बाई."

"फोनच बंद हाय, साहेब."

"मग शेजारच्या फोनवरून करा."

"आमच्या डोंगरात शेजारचा फोन म्हंजे माझाच फोन!"

रांगेतली माणसं खो-खो हसली. साहेब तेवढे हसले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "इथं तुमचा फोन चालू दिसतोय. तुम्ही नुसतं 'चालू झाला' म्हणा. जुनी तक्रार मिटेल, मग नवी घेऊ."

"बंद फोनला चालू म्हणू? ही जीभ तसली नाय, साहेब."

सरूनं साहेबाला गार केलं, अशी बातमी तिच्या आधी पाड्यावर पोचली. मान ताठ ठेवून ती घरी आली खरी, पण आल्या आल्या तिनं मुका रिसीव्हर पुन्हा कानाला लावून बघितला. तिची एकुलती लेक मोहिनी पोटुशी होती आणि यंदा पावसाळ्याआधीच नवऱ्याबरोबर, राजूबरोबर, पिंपळगावच्या एका बागेत कामाला गेली होती. दिवस भरत आले की बागमालकाच्या घरून फोन करायचा, मग सरुबाईनं जाऊन तिला आणायचं, असं तेव्हाच ठरलं होतं. आता पोरीनं फोन करायचा कुठं? भात झोडून होताच आपणच निघायचं, असं सरुबाईनं मनाशी ठरवलं.

एके दिवशी ती दुपारची एकटीच घरात होती. लहानू खळ्यावर, पाडा ओस. पडवीत भाताचे भारे छताला टेकलेले, त्यामुळं भर उन्हाचीही आत काळोखी होती. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. आणि फोन वाजला.

तोच जुना, खणखणीत आवाज. सरुबाईनं आधी बाहेर पाहिलं. तारेच्या तुकड्यावर लहानूचं धोतर वाळत होतं. त्यापुढं उतारापर्यंत सगळे खांब उघडेबोडके. फोन मात्र वाजतच राहिला. फोन वाजतोय आणि सरुबाई उचलत नाही, असं आजवर झालं नव्हतं. तिनं उचलला. रिसीव्हरला ओल्या राखेचा वास येत होता.

"नमस्कार." बाईचा आवाज होता, शहरातला, गोड. "आपली तक्रार मिळाली. फोन चालू झाला ना?"

"चालू? खांबाला तार नाय, बाई."

"पण आपण बोलताय ना... मग चालू झाला, असं म्हणा."

सरुबाईच्या अंगावर काटा आला. पण तिचा राग भीतीपेक्षा मोठा होता. "आधी तार जोडा. मग म्हणीन."

मग तोच आवाज अगदी कानाला लागून आला. "चालू म्हणा... मोहिनीला जोडून देते."

पोरीचं नाव तिनं ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी 'चालू' काही ती म्हणाली नाही. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती...

"आई..."

मोहिनीच. दमलेली, रडवेली. सरुबाईच्या ओठांवर ओ आली होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दुसरी हाक मार, पोरी... मार गं. खरीच मोहिनी असली तर? पोर कळा देत असली आणि आपण आई असून मुकाट उभ्या असलो तर? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दुसरी हाक काही आली नाही. पलीकडे कुणीतरी वाट बघतंय, एवढं मात्र कळत होतं. तिनं रिसीव्हर खाली ठेवला.

भात तसंच टाकून दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती निघाली. नाशिकपर्यंत तिनं शेजारी बसलेल्या बाईला हे सगळं दबक्या आवाजात सांगितलं. नाशिकला गाडी बदलल्यावर आवाज चढला. "माझ्या लेकीचा आवाज काढला त्यानं, पर म्या ओ दिली नाय!" बायका तोंडाला पदर लावत, आणि सरुबाई आणखी फुगे. साहेब झाला, भूत झालं, दोघांनाही ती पुरून उरली होती. पिंपळगावला ती उतरली ती लढाई जिंकल्यासारखी.

मोहिनी बागेतल्या खोपीत दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, आणि दोघी सुखरूप होत्या. सरुबाईला हसू आवरेना, रडूही आवरेना. नातीला मांडीवर घेऊन तिनं लेकीला सगळी हकिगत सांगितली, अगदी हातवारे करून.

मोहिनी हसली नाही.

"आई, तुझा फोन बंद हाय?"

"पावसाळ्यापासनं."

"मग मालकाच्या घरी रोज दुपारी तुझा फोन येतो, तो...?"

सरुबाईचे हातवारे थांबले. "किती हाका मारते मी?"

"एकच. पर फोनवर कोण तीनदा हाक मारतं, आई? तुझाच आवाज. मी ओ दिली."

"काय म्हणतं ते?"

"बाळाचं नाव काय ठेवणार, विचारत होतीस. बारशाच्या आधी मला एकटीला सांग म्हणालीस."

"सांगितलंस?"

मोहिनीनं खाली बघत मान डोलावली.

सरुबाईनं लेकराला उराशी घट्ट धरलं. दुपार कलली नव्हती अजून. मालकाचं घर खोपीला लागूनच होतं, आणि तिथं फोन वाजला नव्हता. कुणाचीच हाक ऐकू आली नव्हती. तरी लेकरानं त्या बाजूला मान वळवली, डोळे टक्क उघडले आणि हाकेला ओ द्यावी तसा हुंकार दिला.