उघाडीवरची सही

कोजागिरीच्या भरदुपारी, बारा वाजता, उघाडी सताड उघडी होती.

मैना बांधावर आली आणि जागच्या जागी थिजली. पुनवेचं उधाण. खाडी काठोकाठ भरलेली. अशा वेळी दार गच्च मिटलेलं हवं. पण लोखंडी दार वर चढलेलं होतं आणि खारं पाणी फेसाळत वाघखार गावच्या भातात शिरत होतं.

उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेलं दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला मिटून खाडी बाहेर ठेवायची. तीस वर्षं हे काम मैनानं हातानं केलं होतं. दीड वर्षापूर्वी दाराला मोटार बसली, मोटारीला यंत्राची पेटी बसली आणि मैना घरी बसली.

तिनं पेटीची वायर उपटली आणि जुन्या चाकाला भिडली. दार खाली यायला पाऊण तास लागला. तोवर चाळीस एकर भात खाऱ्यात उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांध मंडळाच्या कचेरीच्या दारावर एक कागद डकवलेला दिसला. मंडळाचे अध्यक्ष दिनानाथ पायरीवरच बसले होते.

“मैनाबाय, पाणी शिरलं तवा तूच पहिली तिथं कशी?”

“पुनवेला बारा वाजता मी बांधावर नसंन तर कुठं असंन? तीस वर्षांची खोड हाय.”

“पेटी आली नि तुझं काम गेलं. लोक बोलतात.”

“लोकांना सांगा, मला पेटी उपटता येते. बिघडवता येत न्हाय.”

दिनानाथांनी हसून मान डोलावली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “ते बी खरं. म्हणून तर कागद लावलाय. पेटीला हुकूम देणारी फाइल काल सकाळी बदलली. भरतीच्या जागी ओहोटी, ओहोटीच्या जागी भरती. आणि खाली सही अनुयाची.”

अनुया म्हात्रे. गावचीच पोरगी, मुंबईच्या कंपनीचं काम घरी बसून करणारी. पेटीचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता, गावासाठी, फुकट.

“तिचं काय करणार?”

“उद्या चारला सभा. ठराव झाला की पोलिसांत तक्रार.” दिनानाथांनी शेताकडे पाहिलं. “कोळंबीवाला विपुलशेठ दोन वर्षं तळ्यांसाठी जमीन मागतोय. आता त्याला न्हाय म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? खाऱ्या जमिनीत भात थोडंच होणार?”

मैना कागदाजवळ गेली. मराठी अक्षरं तिनं बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात गिरवली होती. इंग्रजी त्यानंतर, नातीच्या अंकलिपीवरून. शब्द अजून एका नजरेत उचलता येत नसे. तिनं सहीच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ए. एन. यू. वाय. ए. ठिपका. आर. एन. एच. ए. टी. आर. ई...”

“काकी, संध्याकाळ होईल तुमची!” मागून निकेत हसला. पेटीची देखभाल तोच करायचा. “अनुयाचा ईमेल पत्ता हाय तो. शाळेतली पोरं बी सांगतील.”

“मला शिकू दे की. पेटीत फाइल कोण घालतो रे?”

“मीच. पण सही तपासल्याशिवाय न्हाय.”

“ती कशी तपासतोस?”

“पेटीला फाइल द्यायची, सही द्यायची, आणि कुणाची सही असायला हवी त्याचा पत्ता लिहायचा. तिन्ही जुळलं तर हिरवी खूण, न्हायतर लाल. हिरवी आल्याशिवाय पेटी फाइल घेतच न्हाय.”

“पत्ता पेटीतच भरून ठेवलेला असतो?”

“छे! दर खेपेला माझ्या हातानं टाइप करतो. इथून उचल, तिथं चिकटव, असला आळस आपल्याकडं न्हाय. काल बी एकेक अक्षर दाबलं. हिरवं आलं.”

“म्हणजे तुझा काही दोष न्हाय.”

“माझा कसा? जिची सही, तिचा दोष.”

मैनानं मान हलवली आणि वाट धरली.

अनुयाकडे जाताना निकेतचं घर लागे. खळ्यात भाताची उडवी रचलेली होती. मैना थबकली. साऱ्या गावाचं भात अजून शेतात होतं, पिकायला पंधरा दिवस होते. तिनं एक लोंबी ओढली आणि दाणा दाताखाली धरला. मऊ. कच्चा.

निकेतची आई सगुणा ओटीवर सूप घेऊन बसली होती.

“सगुणे, एवढी कसली घाई झालती?”

“मना कुठं घाई? आठ दिवस झाले, निकेतनंच माणसं लावून कापून घेतलं. म्हणे पाऊस येणार हाय.”

“आला?”

“कुठं आला!” सगुणा म्हणाली. “पण पोरानं वाचवलं बघ आमचं. देवच बोलला त्याच्या तोंडून.”

मैनानं लोंबी पदराला बांधली.

अनुयाच्या दारावर कुणीतरी खाडीचा चिखल फेकला होता. आत अनुया लॅपटॉपसमोर बसली होती. रात्रभर जागलेली.

“तू केलंस?” मैनानं उभ्या उभ्या विचारलं.

“नाही.”

“मग तुझी चावी चोरली कुणी?”

“चावीच नाही, काकी. पूर्वी असायची. ती चोरीला गेली की चोर आपल्या नावानं वाटेल त्यावर सही करायचा. म्हणून आता बिनचावीची पद्धत आहे. मी माझ्या ईमेलनं आत जायचं. पत्ता माझ्याच ताब्यात आहे याची एक यंत्रणा खात्री करते आणि दहा मिनिटांपुरता दाखला देते. त्या दाखल्यावर सही करायची. दहा मिनिटांनी दाखला मेला.”

“आणि पुरावा?”

“एका वहीत नोंद होते. कोणत्या पत्त्यानं, कोणत्या फाइलवर, किती वाजता. ती वही जगाला उघडी असते. कुणाला खोडता येत नाही.”

मैनानं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. “म्हणजे अंगठ्यासारखंच. मी तलाठ्याकडं अंगठा द्यायची तवा अंगठा काय लपवायची चीज नव्हती. माणूस समोर कोण उभा हाय ते बघायचे, साक्षीदाराचं नाव घ्यायचे, वहीत लिहायचे. खरी सही त्या वहीतली.”

“अगदी तसंच.” अनुया पहिल्यांदा जराशी हसली. मग चेहरा पुन्हा उतरला. “पण त्याच वहीत काल आठ-चाळीसला माझं नाव आहे. आणि माझ्या ईमेलमध्ये त्या वेळी कुणी शिरल्याची खूणच नाही. सगळं धुंडाळलं. तक्रार झाली तर कंपनी मला ठेवणार नाही, काकी. आणि गाव... तुम्ही माझं दार पाहिलंत ना?”

“कचेरीच्या दारावरचा कागद वाचलास?”

“वाचला की. माझाच पत्ता आहे.”

“मला तुझा पत्ता लिहून दे. बारीक अक्षरांत. सुटा सुटा.”

अनुयानं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिला. मैनानं ठिपक्यापुढची अक्षरं बोटांच्या पेरांवर मोजली. थांबली. पुन्हा मोजली. मग कागद घडी करून कनवटीला लावला.

“उद्या सभेला ये. मान वर करून ये.”

चार वाजता देवळाच्या मंडपात गाव जमलं होतं. भिंतीवर पांढरं कापड ताणून त्यावर लॅपटॉपचा पडदा मोठा करून दाखवला होता. अनुया खांबाशी एकटीच उभी होती. तिच्या आसपास चार हात जागा मोकळी होती.

दिनानाथ ठराव वाचायला उठले, तोच मैना उठली.

“अध्यक्ष, तक्रारीत लिहिणार ना, की सही तपासली नि हिरवी आली? मग एकदा गावासमोर तपासा. निकेत, बस बाबा. ती कालपरवाची फाइल घे.”

“आता कशाला, काकी?” निकेत म्हणाला.

“आम्ही अडाणी. बघितल्याशिवाय कळत न्हाय.”

लोक हसले. निकेत बसला. फाइल दिली, सही दिली. पत्त्याची रिकामी चौकट कापडावर उघडली. त्याचा हात सहीच्या फाइलमधला पत्ता उचलायला वळला.

“चिकटवू नको. रोजच्यासारखं टाइप कर,” मैना म्हणाली. “एकेक अक्षर.”

निकेतची बोटं वर राहिली. सगळं गाव कापडाकडे बघत होतं. त्यानं सावकाश अनुयाचा पत्ता टाइप केला.

लाल.

मंडपात कुजबुज उठली. “नेट बिघडलंय,” निकेत म्हणाला.

“असंल. आता मी सांगते तसं टाइप कर. ठिपक्यापर्यंत तेच. मग एम नको. आर. मग एन. पुढं तेच.”

निकेत हलला नाही. अनुया पुढे आली, त्याच्या हाताखालून लॅपटॉप ओढला आणि टाइप केलं.

हिरवं.

“अगंबाई,” अनुया पुटपुटली. “आर आणि एन. शेजारी आले की एम दिसतात. हा माझा पत्ताच नाही!”

“न्हाय. तुझ्या नावाची भावली हाय,” मैना म्हणाली. “असा पत्ता कुणीबी पाच मिनिटांत उघडतो. वही खोटं बोलली न्हाय. जो आला त्याचंच नाव तिनं लिहिलं. आपण सगळ्यांनी ते घाईत वाचलं. तू स्वतःचं नाव हजारदा बघितलेलं, म्हणून नाव दिसलं. मला अजून नाव दिसत न्हाय, अक्षरंच दिसतात. तुझ्यात सहा, कागदावर सात.”

“मग मीही फसलो!” निकेत उसळला. “माझा काय गुन्हा?”

“डोळा फसतो रे. अध्यक्षांचा फसला, तिचा फसला. पण बोट कसं फसंल? अनुया म्हात्रे मनात धरून टाइप करणारा एमच दाबणार. आत्ता तूच दाबलास, नि लाल आलं. त्या सकाळी पेटीनं हिरवं दाखवलं, म्हणजे तुझ्या बोटांनी आर नि एन दाबले. तिथं आर-एन हाय हे फक्त पत्ता उघडणाऱ्यालाच ठाऊक होतं.”

“त्या दिवशी... चिकटवला असंल.”

“काल तर म्हणालास, असला आळस न्हाय.” मैनानं पदराची गाठ सोडली आणि हिरवी लोंबी दिनानाथांच्या हातावर ठेवली. “बरं, आळस केलास म्हणू. मग आठ दिवस आधी कच्चं भात का कापलंस? बांधाआतल्या सगळ्या खारीत एकट्या तुझंच पाण्याआधी घरात कसं?”

निकेतनं तोंड उघडलं. पण बोलली सगुणा, बायकांच्या रांगेतून, अगदी हळू.

“पाऊस येणार म्हणालतास ना रे?”

निकेतनं आईकडे पाहिलं नाही.

“विपुलशेठला एकट्याची जमीन नको होती,” तो खाली बघत म्हणाला. “सगळी खार हवी होती. तळी झाली की देखरेखीवर मला ठेवणार होता. भात पिकतंय तोवर कोण देणार होतं?”

“आणि नाव माझंच का?” अनुयानं विचारलं.

“दुसऱ्या कुणाची सही दिसली असती, तर ती घेतलीच कशी म्हणून गावानं पहिलं मलाच धरलं असतं.”

दिनानाथांनी तक्रारीचा कागद उचलला, अनुयाचं नाव खोडलं. निकेत त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचा मुलगा होता. तरी त्यांनी त्याचं नाव लिहिलं. सगुणा उठून निघून गेली. खळ्यात जाऊन तिनं त्या उडवीवर चटई पांघरली, जणू ती कुणाला दिसू नये.

मंडप रिकामा होत होता. दोघीतिघी अनुयाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

मैनानं सूर्याकडे पाहिलं. आज द्वितीया. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ, म्हणजे दीडला भरती होऊन गेली. साडेसातला पुरी ओहोटी.

“चल गं,” ती अनुयाला म्हणाली. “पाणी उतरतंय. दार उघडलं तर शेतातलं खारं थोडंतरी बाहेर जाईल. चाक जड हाय, दोघी लागतील.”

“आणि पेटी?”

“पेटी चालू कर ना उद्या. पण सही तपासताना मला हाक मार.” मैना बांधाकडे चालू लागली. “तू टाइप कर. मी बोट ठेवून वाचीन.”