ऐकणारीचा कौल

आगरपूरच्या हवाई वाहतूक कक्षात भिंतभर पडदा होता आणि त्यावर सगळे नभवाहक, म्हणजे माल नेणारे ड्रोन, रुग्णालयाच्या गच्चीवर घिरट्या घालताना दिसत होते. कुणाच्या पोटात रक्ताच्या पिशव्या, कुणाच्या पोटात औषधे, आणि उतरत मात्र कुणीच नव्हते. हा तमाशा पाहायला बेडूकतज्ज्ञ डॉ. सुलक्षणा ठोसर यांना मुद्दाम बोलावून घेतले होते.

"मॅडम, तुमचा बेडूक बिघडला," वाहतूक अभियंता हमीद दळवी म्हणाला.

"माझा बेडूक ठणठणीत आहे. सोमवारी तुम्ही त्याच्या डोक्यावर मुरूम ओतणार आहात, तेवढं सोडलं तर."

भांडण जुनेच होते. शहराला लागून असलेल्या पाणथळीत नखाएवढा टिकलीबेडूक राहतो. एवढीच त्याची जगभरातली वस्ती. सांज झाली की नर ओरडू लागतात, पण शेजाऱ्याच्या आवाजावर कुणी आवाज चढवत नाही. त्याचे संपले की याचे सुरू. सुलक्षणाबाईंनी हा नियम गणितात मांडला, त्याला 'पाळीसूत्र' म्हटले आणि शहराने ते नभवाहकांत बसवले. प्रत्येक वाहक बारीक शीळ घालतो, शेजाऱ्यांच्या शिळा ऐकतो आणि मधल्या फटीत आपली पाळी साधून उतरतो. वर हवालदार लागत नाही. मग आयुक्त रेगे म्हणाले, सूत्र संगणकात आले, आता बेडूक कशाला? पाणथळीवर भराव घालून वाहकांचा तळ बांधायचे ठरले.

हमीदने शिळांचा आवाज मोठा केला. नुसता कालवा होता. "सिग्नल बंद पडल्यावर आपण चौकात वागतो ना, तसंच. जो मध्ये घुसतो तो आधी उतरतो. हे अनुभवातून शिकतात, त्यामुळे सगळेच घुसायला शिकले."

"मग बेडूक का नाही शिकला?" बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच प्रश्नावर थबकल्या.

"घुसून त्याला मिळतं काय?"

"काहीच नाही! दोन आवाज एकमेकांवर पडले की मादीला दिशा कळत नाही. मोकळा आवाज येईल तिकडे ती जाते. हमीद, आपण ओरडणाऱ्यांची नक्कल केली, ऐकणारी राहूनच गेली. ती मुकी, म्हणून माझ्या ध्वनिमुद्रणात ती कधी आलीच नाही." बाईंना लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

"मग गच्चीवरच्या उतरतळालाच कान बसवू. मोकळी शीळ घालेल त्यालाच तो उतरू देईल."

"आणि त्याला शिकवणार कोण? एकदा शिकवून ठेवलंत तर वाहक त्यालाही फसवायला शिकतील. कान जिवंत हवा."

रक्तवाले वाहक हमीदने त्या दिवशी हाताने एकेक करून उतरवले. सांजेला त्याने पाणथळीच्या गवतात छोटे ध्वनिक्षेपक लावले. त्यांतून वाहकांच्या शिळा बेडकाच्या आवाजात वाजणार होत्या. बेडकी जिच्याकडे उडी मारील, ती शीळ पास. तो वाहक उद्या आधी उतरेल.

आयुक्त पॅन्ट दुमडून चिखलात उभे होते. "आमच्या गावी देवाला कौल लावतात, तसं वाटतंय," ते कुजबुजले.

बेडकी बराच वेळ बसून राहिली. मग सगळ्या ध्वनिक्षेपकांना वळसा घालून ती एका बसक्या आवाजाच्या, पण आपली पाळी सांभाळणाऱ्या खऱ्या नराकडे गेली.

"आमचे सगळे नापास," हमीद म्हणाला.

"शिकतील," बाई म्हणाल्या.

आयुक्तांनी भराव रद्द केला. ज्या बेडकांना गाडणार होते, त्यांच्या मर्जीवर आता शहराचे आकाश चालू लागले. बाई खूश होत्या. रोज सांजेला कौल मिळत गेला, वाहक शिकत गेले आणि कालवा ओसरला. एके दिवशी हमीदने फोन केला. "मॅडम, आज एकही वाहक अडला नाही. मोकळी, नेमकी शीळ. तुमच्या बेडक्या उड्यांवर उड्या मारतायत."

बाई हातातला चहा तसाच टाकून पाणथळीकडे धावल्या.

नर आपापल्या पाळीने ओरडत होते. बसक्या आवाजाचाही ओरडत होता. त्याच्याकडे कुणीही फिरकत नव्हते. साऱ्या बेडक्या ध्वनिक्षेपकांच्या भोवती, पोटात अंडी घेऊन, शांत बसल्या होत्या. बाईंनी गवताची पाती उलटून पाहिली, पुढची पाहिली, काठाने चालत सगळी पाहिली. घातलेली अंडी कुठेच नव्हती. वाहकांना उत्तम नवरदेव व्हायला कुणी शिकवले, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी हमीदला फोन लावला. "रक्तवाले आधी उतरवून घे. हाताने."

"का? आता तर सगळं सुरळीत..."

"उतरवून घे, हमीद."

उतरवून झाल्याचे त्याने सांगितले, तेव्हा बाईंनी ध्वनिक्षेपकांची वायर उपटली.

ध्वनिक्षेपकांतल्या शिळा थांबल्या. मग गवतातून तो बसका आवाज आला आणि जवळची एक बेडकी हळूच वळली. कौल बंद होताच वर आकाशात एका वाहकाने दुसऱ्याच्या शिळेत आपली शीळ घुसवली.