चुकून घेतलेली घुगरी

मारेगावच्या बसस्टँडसमोर, जिन्याखालच्या त्या वीतभर दुकानात कुणी पाऊल टाकलं की उज्ज्वलाच्या मनात आशा उठायची... आणि घडीभरात खाली बसायची. त्या दिवशी आला तो तर गिऱ्हाईकही नव्हता. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, हातात मेलेला मोबाइल.

"चार्जिंगले लावू का जी? जिनिंगसमोर सकाळपासून गाडी उभी हाय. नंबरच येऊन नाही राह्यला."

"लावा. तशीही दुकान कमी अन् धर्मशाळाच जास्त झाली बाप्पा ही!"

तो हसला आणि गालावर खळी पडली. थकल्या माणसाला मेल्या खळ्याबिळ्या दिसू नयेत खरं तर, पण दिसली.

गोपाल त्याचं नाव. मुकुटबनकडचा, कुणब्याच्या घरचा. गावातला कापूस पिकअपमध्ये भरून जिनिंगच्या कारखान्यात आणायचा.

"हे सारं तुमीच बनवता?" त्याने कानातल्यांच्या ओळीवरून नजर फिरवली.

"मी अन् माही याडी."

बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. तिची याडी बसंतीबाई तांड्यावर बसून आरसे-कवड्यांचा कशिदा करी, आणि उज्ज्वला मणी ओवून कानातले, राख्या, भेटवस्तूंच्या पिशव्या बनवी. बोटं सुईने भोकं पडून चाळण झालेली. कॉलेजच्या पोरी यायच्या, कानातले लावून फोटो काढायच्या आणि "ऑनलाइन सस्ते भेटते" म्हणून निघून जायच्या. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं तिच्यात.

आणि घरी बापू, तिचा बाप. देवसिंग राठोड मनाचा वाईट नव्हता, पण त्याने एकदाच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत पाह्य. दुकान नाही चाललं तं पुसदच्या स्थळाले हो म्हणजो." मुलगा चांगला होता हो, नाव ठेवायला जागा नाही. फक्त लग्नानंतर दुकान-बिकान चालणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

दिवाळी होऊन गेली, दुकान काही चाललं नाही. गोपाल मात्र कापसाच्या खेपेगणिक येतच राहिला. आला की लाजेकाजेस्तव काहीतरी घ्यायचा. लाल गोंड्याची किचेन, मग निळ्या गोंड्याची, मग कवडीची.

"गाडी एक, चावी एक," ती म्हणाली, "इतक्या किचेन कायले?"

"चावी एकच हाय जी... पण लटकवायले जागा बहुत हाय."

ती हसली. हसताना तिला जाणवलं, आज दिवसभरात आपण पहिल्यांदाच हसलो. पाहा, असं व्हायला लागलं की समजावं, काम बिघडलं.

पुसदवाल्यांना उत्तर द्यायचा दिवस उजाडला, तेव्हा उज्ज्वलाने मनात 'हो' म्हणूनही टाकलं होतं. आवडीने नाही, थकव्याने. दुपारी गोपाल आला तो आज हसत नव्हता. त्याने वरच्या खुंटीवरच्या जोडीकडे बोट दाखवलं. पांढऱ्या धातूच्या वाट्या, त्यांना साखळ्या, टोकाला बारीक घुंगरं.

"ते द्या. गिफ्ट बांधून."

"कोणाले द्याचं हाय?"

"हाय एक."

तिने डबी घेतली, चकचकीत कागद लावला, फीत बांधली. गाठ नीट बसेना. त्याने पैसे दिले, डबी हातात घेतली... आणि तिच्याच पुढे सरकवली.

"तुह्यासाठी हाय. दिवसभर लोकायचे गिफ्ट बांधतं तू. तुले कोनी देल्लं का कधी?"

उज्ज्वलाला हसू येईना, रडू येईना.

"हे काय हाय, माहीत हाय का तुले?"

"झुमके... नाही का?"

"घुगरी हाय ही! आमच्यात लग्न झालेली बाई केसात घालते. पोरीले कोनी देत नसते अशी!"

त्याचे कान मिरचीसारखे लाल झाले. "माय वं! मले खरंच... थांब, देऊन दे वापस—" हात पुढे आला आणि मध्येच थांबला. मग तो हळूच म्हणाला, "नोको. राहू दे. घेतलं चुकून, पण देऊन चूक केली असं नाही वाटून राह्यलं मले."

ती मटकन स्टुलावर बसली. इतक्या महिन्यांचं साचलेलं डोळ्यांतून वाहू लागलं.

"मी बहुत थकली गोपाल. आज बापूले पुसदच्या पोराबद्दल सांगाचं हाय... मी हो म्हणून राह्यली होती."

"अन् आता?"

"आता तू चल. तांड्यावर, बापूसमोर. मनात असन तं आजच. उद्या बोलून उपयोग नाही."

"आज?" त्याने रस्त्याकडे पाहिलं. "काल रात्रीपासून लाइनीत हावो वं. आता कुठं नंबर आला..."

बाहेरून कुणीतरी जोरात हॉर्न दिला. तो पळतच गेला.

गेला! उज्ज्वलाने डोळे पुसले. त्याचं तरी काय चुकलं? गावाचा माल गाडीत. घ्यायच्या वेळी पाय काढणारी माणसं या दुकानाने का कमी पाहिली? तिने शटर ओढलं, कुलूप लावलं. डबी कुठे टाकवेना, म्हणून हातातच राहिली.

ती वळली तर समोर पिकअप. कापसाने तशीच्या तशी भरलेली, रांग सोडून आलेली.

"बस," गोपाल म्हणाला. "नंबर गेला तं गेला, उद्या लागन. गावात शिव्या खाईन मी."

"अन् तुही आई?"

"वच्छलाबाई? पहिले खूप ओरडन. दोन दिवस बोलनार नाही. मग विचारन, पोरगी चहा किती गोड पेते."

ती चढून बसली. उघड्या खिडकीतून कापूस उडून तिच्या केसांत बसत होता, आणि तो झटकायचीही ताकद तिच्यात नव्हती. तिने डोकं मागे टेकलं.

"बापूले काय सांगशीन?"

"खरं ते. घुगरी घेतली चुकून."

"अन् मग?"

"मग काय... वापस न्यायले नाही आलो म्हनून."

उज्ज्वलाने डबी मांडीवर घट्ट धरली. "नाल्यापासून डावीकडे घेजो," ती म्हणाली.