निर्मनुष्य काठ

भुताची गोष्ट म्हटली की ऐकणारा आधी विचारतो, रात्र किती झाली होती. इथे रात्र नव्हतीच. सप्टेंबर २०१५ मधल्या एका शुक्रवारची दुपार होती. सुमात्रातल्या जळत्या जंगलांचा धूर सिंगापूरवर इतका दाटला होता की शाळांना सुट्टी दिली होती. चांगी बिझनेस पार्कमधलं ऑफिसही ओस पडलं होतं. रत्नदीप तेवढा मास्क लावून वुडलँड्सहून आला होता, कारण त्याचं नकाशांचं काम घरच्या लॅपटॉपवर होत नसे.

काम तसं साधं होतं. पॅसिफिकच्या पलीकडच्या किनाऱ्याला एक नदी. दीडशे वर्षांपूर्वी तिच्या वाळूत सोनं सापडलं आणि गोऱ्यांची झुंबड उडाली. त्यांच्या सर्व्हेअरने नदीचे नऊ नकाशे काढले, काठाच्या पट्ट्या खाणवाल्यांना वाटल्या, आणि झाली वसाहत. आता एका कंपनीला तिथे पुन्हा सोनं काढायचं होतं. जमिनीवर मूळ रहिवाशांचा हक्क निघू नये म्हणून, पहिलं सोनं सापडलं त्या काळी काठावर कुणी राहत नव्हतं, एवढं तिला दाखवून द्यायचं होतं. रत्नदीपने जुन्या नकाशांचे स्कॅन स्वच्छ करायचे आणि सही करायची, की काठ निर्मनुष्य होता.

तिसऱ्या नकाशावर नदीच्या वळणाशी एक्केचाळीस काळे ठिपके होते. ठिपका म्हणजे तिथल्या माणसांची झोपडी, असं कोपऱ्यातल्या सूचीत स्पष्ट लिहिलं होतं. रत्नदीपने ते मॅनेजरला, शैलेंद्रला, दाखवलंही होतं.

"अरे, जुन्या कागदावर डाग असतातच," शैलेंद्र म्हणाला होता. "फिल्टर लाव, क्लीन होईल. क्लायंटला क्लीन शीट हवीय. आणि तुझ्या पासचं रिन्यूअल आलंय ना? माझ्याकडेच आहे ते."

एवढं पुरे होतं. पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, गेला तर महिन्याभरात बायको-मुलीसकट चंबूगबाळं आवरावं लागलं असतं. गुरुवारी रत्नदीपने फिल्टर लावला आणि ठिपके गेले. ते फिल्टरने पुसले, मी नाही, असं त्याने मनाशी म्हणून घेतलं. माणूस स्वतःपुरता फार हुशार असतो.

शुक्रवारी त्याने एकेक नकाशा पुन्हा तपासायला घेतला. तिसरा स्वच्छ होता. पण चौथ्यावर, जिथे काल नुसता डोंगरउतार होता, तिथे ठिपके होते. त्याने मोजले. एक्केचाळीस. आपलाच काही गोंधळ झाला असेल म्हणून त्याने फिल्टर लावला. पाचवा उघडला. ठिपके जंगलात होते, आता तेहतीस. सहाव्यावर वीस. नदीपासून दूर, आणखी दूर. त्याने पुसलं की ते पुढच्या कागदावर जात होते, आणि जाताना वाटेत काही गळत होते.

ऑफिसात धुराचा वास होताच, पण हा वास वेगळा होता. ओल्या लाकडाचा, मासे धुरावर वाळवतात तसा. एसीचा आवाज थांबल्यासारखा वाटला. मग मागच्या रिकाम्या टेबलांकडून कुणीतरी खोकलं.

"कोण आहे...?"

पुन्हा खोकला आला. लहान मुलाचा.

रत्नदीपने मागे वळून पाहिलं नाही. त्याला वडील आठवले. जगदीश नाव त्यांचं. त्यांची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. धरणाची मोजणी आली तेव्हा ओढ्याला पाणी होतं. साहेबाने बूट ओले केले नाहीत, अलीकडूनच लिहून टाकलं, पलीकडे वस्ती नाही. वस्ती बुडाली. जे नव्हतेच त्यांना जमीन कसली आणि मोबदला कसला? जगदीश बारा वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. "साहेब, आम्ही होतो तिथं," एवढंच सांगत होते, आणि तसेच गेले. त्याच रागापोटी रत्नदीप नकाशे शिकला होता. आता त्याला स्वतःची किळस आली. तरी त्याचा हात थांबला नाही.

नवव्या नकाशावर समुद्र होता. सात ठिपके पाण्याच्या कडेला ओळीने उभे होते. पुढे कागद नव्हता. त्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फिल्टर लावला, सही केली आणि फाइल पाठवून दिली.

तो घरी पोचला तेव्हा सहा वाजले होते. बेल वाजवल्यावर बायकोने, हर्षाने, दार उघडलं आणि ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली.

"अहो, यांना कुठून आणलंत?" ती हळू आवाजात म्हणाली. "एवढ्या धुरात कुणाच्या तोंडाला मास्क नाही. लेकरं आहेत बरोबर."

रत्नदीपने वळून पाहिलं. कॉरिडॉरमध्ये शेजाऱ्यांच्या कुंड्या होत्या आणि धूर होता.

हर्षा आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि खाली वाकली. ग्लास कलला. घटाघट पिण्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

"हर्षा, आत ये... तिथे कुणी नाही."

"काय म्हणालात?"

तिथे कुणी नाही, हेच तर तो सही करून आला होता. हेच त्याच्या बापाला बारा वर्षं ऐकावं लागलं होतं. हर्षाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर कधीच पाहिलं नव्हतं.

"दारातून सरका," ती म्हणाली. "येऊ द्या त्यांना."

तो सरकला नाही. तरी काहीतरी ओलं, गार त्याच्या हाताला घासून आत गेलं. मग दुसरं, मग तिसरं. बराच वेळ ते जात राहिलं.

हॉलमध्ये नऊ वर्षांची प्रणिता वह्या गोळा करून सोफ्यावर जागा करत होती.

"सिट हिअर ला, आँटी," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "माय पप्पा कॅनॉट सी यू, इझ इट?"

काय उत्तर मिळालं ते रत्नदीपला ऐकू आलं नाही. मुलगी मात्र त्याच्याकडे बघत, मान डोलावत बराच वेळ ऐकत होती.